कोरड्या बोअरांची यादी

तेहेतीस वर्षांच्या नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणत्या ठाण्यात कोणता गुन्हा आणि त्यात कोण आरोपी, हे विचारले तर मला कागद बघावे लागतील. ती एक घटना मात्र कागद न बघता, माणसांच्या चेहऱ्यांसकट आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. शेतातल्या बोअरमधून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या, एवढेच.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. रेणापूरच्या बाजूची, एकमेकांना लागून असलेली पाच गावे आमच्या हद्दीत होती. तिथे पाच महिन्यांत नऊ मोटारी गेल्या. ज्यांनी मराठवाड्यातला उन्हाळा काढला नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण बोअरची मोटार गेली की दुसऱ्या दिवशी जनावरे शेजाऱ्याच्या हौदावर न्यावी लागतात आणि आठव्या दिवशी ऊस माना टाकतो. शेतकरी घरातल्या चोरीपेक्षा मोटारीच्या चोरीने जास्त चवताळतो, हे मी पाहिले आहे.

पहिल्याच चोरीच्या पंचनाम्यात मी स्वतः एक वाक्य लिहिले होते. तीनशे-चारशे फूट खोल सोडलेली मोटार पाईप आणि केबलसकट वर ओढायला माहितगार माणूस, साधन आणि वेळ लागतो, असे ते वाक्य. लिहिले, खाली सही केली आणि विसरलो. पुढचा सगळा घोळ त्या विसरण्यातून झाला.

खबर आणली ती एका गणिताच्या सरांनी. त्यांची शाळा तालुक्याला होती, शेती गावाकडे, आणि सातवी मोटार त्यांचीच गेली होती. एका सकाळी ते ठाण्यात आले आणि माझ्या टेबलावर छापलेला कागद ठेवला. नऊ आडव्या ओळी, चार उभे रकाने: शेतकऱ्याचे नाव, गाव, चोरीचा दिवस, आणि बोअरची जागा कोणी दाखवली. शेवटच्या रकान्यात नऊही ओळींत एकच नाव होते.

"साहेब, नऊपैकी नऊ," सर म्हणाले. "एक बी अपवाद न्हाई. याला योगायोग म्हणता येत न्हाई."

ते नाव पाणाड्याचे होते. आमच्याकडे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवून अनवाणी शेतातून चालतो. जिथे नारळ आपोआप उभा राहतो तिथे खाली पाणी आहे, असे मानतात आणि मशीन तिथेच लावतात. या भागातला पाणाड्या सत्तरीच्या घरातला लिंगायत गृहस्थ होता. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, बोलणे कमी. सगळे त्याला अप्पा म्हणत. दूरची माणसे त्याला न्यायला जीप पाठवत आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवत. अप्पाचा हात कधी खाली जात नाही, म्हणजे त्याने दाखवलेली जागा कोरडी निघत नाही, असे लोक शपथेवर सांगत.

सरांचा तर्क सरळ होता. कोणत्या बोअरला किती पाणी आहे, मोटार किती खोल सोडली आहे, हे अप्पाला ठाऊक. तो सांगणार, त्याची माणसे काढणार. हा कागद आमच्याकडे येण्याआधीच गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला होता आणि लोकांनी तो खरा धरला होता. मीही धरला. कागद इतका स्वच्छ होता की त्यात काय नाही हे शोधायचे सुचलेच नाही.

अप्पाला नोटीस देऊन चौकशीला बोलावले. सकाळी दहाला यायचे आणि संध्याकाळी सहाला जायचे, असे तीन दिवस चालले. तो वेळेवर येई. माझा बीट जमादार उदगीरकडचा होता. त्याने अप्पाला बसायला बाकडे दिले, दोघे अधूनमधून कानडीत काहीतरी बोलत. मला ते खटकत होते, पण जमादार माणूस चोख होता.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. खात्यात माझा डोळा प्रसिद्ध होता. माणूस दारातून आत आला की मी ओळखतो, अशी माझी ख्याती होती आणि ती पसरवण्यात माझाही हातभार होता. माझ्याकडे खुणांची यादीच होती. चौकशीत माणसाला घाम फुटला तर तो गुन्हेगार. घाम फुटला नाही तर तो सराईत गुन्हेगार. पाणी मागितले तर घसा कोरडा पडला आहे, मागितले नाही तर तयारीने आला आहे. नव्या पोरांना मी हे ऐटीत सांगत असे, आणि यातून सुटायची वाट कोणालाच नाही हे त्यांतल्या एकाच्याही लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

अप्पाला घाम फुटला नाही, म्हणून माझी खात्री पटली.

पहिला दिवस असा गेला.

"नऊ ठिकाणी पाणी तुम्हीच दाखवलं ना, अप्पा?"

"हाव."

"नऊच्या नऊ मोटारी गेल्या."

"गेल्या."

"मग?"

"मग काय सांगू साहेब? म्या न्हाई नेल्या."

दुसऱ्या दिवशी हेच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, त्याच्या भाच्याला उचलून आणतो म्हणालो. तो माझ्याकडे बघत बसला. मधल्या वेळात त्याच्या घरचे हाल सुरू झाले होते. गावातला किराणा दुकानदार त्याच्या बायकोला सामान देईना. त्याच्या दारावर कोणीतरी कोळशाने मोटारीचे चित्र काढून ठेवले होते. हे मला जमादाराने सांगितले. मी म्हटले, खरे बोलेल तर सगळे मिटेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सरांचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि एकेक नाव मोठ्याने वाचले. तो ऐकत होता. शेवटचे नाव झाल्यावर म्हणाला, "साहेब, एक इचारू का? गैर मानू नका."

"विचारा."

"ज्याची मोटार गेली न्हाई, त्याचा बोअर कोनी दाखिवला, ह्ये सरांनी लिव्हलं हाय का?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"नाही."

"ते बी म्याच दाखिवलेत. पाची गावात दुसरं हाय कोन?"

मी कागद खाली ठेवला. जमादार दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. त्याला हे आधीच कळले होते, असे मला वाटले. आणि माझ्या ख्यातीमुळे तो गप्प राहिला असावा, असेही वाटले. पाच गावांत जवळजवळ सगळे बोअर एकाच माणसाने दाखवले असतील, तर चोराने कुठेही हात घातला तरी मोटार त्याच माणसाच्या बोअरची निघणार. गावात एकच न्हावी असेल तर गावातल्या प्रत्येक चोराचे केस त्यानेच कापलेले असतात. एवढी साधी गोष्ट गणिताच्या सरांना आणि मला, दोघांनाही दिसली नव्हती. कारण आम्ही चोरी झालेल्या मोटारीच मोजल्या. ज्या जागच्या जागी होत्या त्यांच्याकडे बघायचे कारणच वाटले नाही.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारले.

अप्पाने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तुमी सगळी यादी मागितली असती."

"मग?"

"सगळ्या यादीत सगळंच येतंय, साहेब."

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नाही. मी यादी मागितलीच. तो बाकड्यावर बसून डोळे मिटून गाव आठवत, शिवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनाने चालत नावे सांगू लागला. जमादार लिहीत होता. अमक्याचा बोअर, विहिरीच्या अंगाला, पाणी लागले. तमक्याचा, चिंचेखाली, लागले. मग एका नावापाशी तो थांबला आणि हळू म्हणाला, "हितं न्हाई लागलं." जमादाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, लिहा. पुढे अशी नावे मधून मधून येत राहिली. यादी पुरी व्हायला अडीच तास लागले. त्याची स्मरणशक्ती थक्क करणारी होती, एकही शेत सुटले नाही.

जमादाराने बेरीज केली. दाखवलेले बोअर त्र्याऐंशी. पाणी लागलेले चोपन्न. कोरडे एकोणतीस.

"पुन्हा मोजा," अप्पा म्हणाला.

जमादाराने पुन्हा मोजले. एकोणतीसच होते.

या तीन दिवसांत अप्पाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. चोरीच्या आरोपाने तो हलला नव्हता, या आकड्याने हलला. तो म्हणाला, "म्या कधी मोजलंच न्हवतं. चार-पाच आसतील वाटत हुतं." त्याच्या बोलण्यात ढोंग नव्हते, हे मी आजही सांगेन. लागलेल्या बोअरवर लोक पूजा करत, पेढे देत, जीपने घरी सोडत, ते त्याला आठवणार. कोरडा बोअर निघाला की त्याचे काहीतरी कारण तयार असे. चालताना मालक मध्येच बोलला, घरात विटाळ होता, मशीनवाल्याने जागा हातभर सरकवली. प्रत्येक कारण त्या वेळी खरे वाटले असणार. मला माझा घामाचा नियम आठवला आणि मी विषय बदलला.

आता पेच उभा राहिला, आणि तो अप्पापुढे होता. माझ्यापुरता संशय फिटला होता. पण त्याला नुसते घरी पाठवले असते तर गावाने म्हटले असते की पोलिसांना मॅनेज केले. दुकानदाराने सामान दिले नसते, दारावरचे चित्र पुसले गेले नसते, आणि एखाद्या दिवशी कोणी हात उचलला असता. गावाची खात्री पटवायची तर ही यादी गावासमोर वाचायला हवी होती. आणि यादी वाचली की अप्पाचा धंदा संपला. धंदा म्हणजे तरी काय, नारळ, धोतर आणि शेतकरी खुशीने देईल ते. पण चाळीस वर्षे त्या माणसाला लोकांनी जीपच्या पुढच्या सीटवर बसवले होते.

मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. नुसते लागलेलेच वाचू, कोरडे गाळू, असेही म्हणालो. खोटे नाही, अर्धे वाचायचे.

तो म्हणाला, "अर्धं वाचूनच तर ह्ये सगळं झालं की साहेब." मग धोतर सावरून उठला. "सगळं वाचा. चोर म्हणून मरन्यापरीस ह्ये बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर पाचही गावांतली माणसे जमली. अप्पा पुढे सतरंजीवर बसला होता. त्याच्या शेजारी कोणी बसले नव्हते. जमादाराने यादी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला लोक कुजबुजत होते. पहिला कोरडा बोअर आला तेव्हा त्या शेतकऱ्याने नजर चुकवली. दुसरा आला, तिसरा आला, आणि सभा शांत होत गेली. दहाव्या-बाराव्या नावानंतर एक म्हातारी उभी राहिली आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, "तुजा बी कोरडा गेला हुता? मला वाटलं आमचंच नशीब फुटकं."

मला त्या क्षणी कळले की एकोणतीस घरांनी एकोणतीस वेळा ही गोष्ट लपवली होती. कोरडा बोअर म्हणजे आपल्यातच काही खोट, असे प्रत्येकाला वाटले. लागलेल्या पाण्याची बातमी पाच गावे फिरे, न लागलेल्याची उंबरठ्याबाहेर पडत नसे. म्हणून हात कधी खाली जात नाही, हे सगळ्यांना खरे वाटत होते. कोणी कोणाला फसवले नव्हते. आणि तरी सगळे फसले होते.

यादी संपल्यावर मी सांगितले की पाच गावांत चालू बोअर एकसष्ट आहेत, त्यातले चोपन्न अप्पांनी दाखवलेले. आता चोराने एकसष्टांतून डोळे मिटून नऊ उचलले तरी बहुतेक अप्पांचेच निघतील. सर मागे उभे होते. ते पुढे आले, अप्पांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "साहेब, मी शाळेत संभाव्यता शिकवतो हो."

अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर."

लोक उठून गेले. अप्पांवरचा चोरीचा आळ त्या सकाळी धुतला गेला, आणि त्यानंतर पाच गावांपैकी एकाही गावाने त्यांना पाणी बघायला बोलावले नाही.

खऱ्या चोराचे काम त्यामानाने सोपे निघाले. सरांनी दुसरा तक्ता करायला घेतला, या वेळी एकसष्ट ओळींचा. गेलेल्या मोटारींत असे काय आहे जे न गेलेल्यांत नाही, एवढाच प्रश्न ठेवला. माझे पंचनाम्यातले विसरलेले वाक्य तेव्हा मला आठवले, आणि मी एक रकाना घालायला सांगितला: गेल्या वर्षभरात दुरुस्तीसाठी ही मोटार वर कोणी काढली. नऊपैकी आठ मोटारी एकाच माणसाने काढल्या होत्या. त्याच्याकडे मोटार ओढायची लोखंडी तिपाई बसवलेला ट्रॅक्टर होता. उरलेल्या बावन्नांत त्याने काढलेल्या फक्त पाच होत्या.

हा माणूस मला माहीत होता. चोर शोधायला गावकऱ्यांनी पथक काढले त्यात तो पुढे असे. सरांचा कागद सर्वांत जास्त ग्रुपवर त्यानेच पाठवला होता. महिनाभरापूर्वीचा मी असतो तर त्याच दुपारी त्याला उचलला असता. या वेळी नुसत्या रकान्यावर विसंबलो नाही. नववी मोटार त्या रकान्यात बसत नव्हती, म्हणून आधी तिचा शोध घेतला. ती चोरीला गेलीच नव्हती. वाटणीच्या भांडणात धाकट्या भावाने थोरल्याची मोटार काढून कडब्याच्या गंजीत पुरली होती आणि मग चोरीची ओरड झाल्यावर बोलायची सोय उरली नव्हती.

बाकी आठ मोटारींचे नंबर शेतकऱ्यांच्या बिलांवरून घेतले आणि जुन्या मोटारी विकणाऱ्या दुकानांतून पडताळणी सुरू केली. पंधरा दिवसांनी नांदेड जिल्ह्यात, कंधारच्या बाजारात एका दुकानात दोन मोटारी मिळाल्या. वरच्या पट्ट्या काढलेल्या होत्या, पण बॉडीवर कोरलेले नंबर जुळले. दुकानदाराने विकणाऱ्याला ओळखले. मग ट्रॅक्टरवाल्याला अटक केली. चौकशीत त्याला दरदरून घाम फुटला. ती नोंद मी कुठेही केली नाही. त्याने दाखवलेल्या जागेवरून आणखी चार मोटारींचा मुद्देमाल पंचांसमक्ष जप्त झाला, दोन कधीच मिळाल्या नाहीत. पुढे त्याला शिक्षा झाली आणि मला वरिष्ठांचे प्रशंसापत्र मिळाले. त्यात अप्पांचा उल्लेख नाही.

बदली होण्याआधी मी एकदा त्यांच्या घरी गेलो. दारावरचे चित्र पुसलेले होते, डाग राहिला होता. ते अंगणात शेंगा सोलत बसले होते. माफी मागायची म्हणून गेलो होतो. मागितली. असे मी नोकरीत फार वेळा केलेले नाही.

ते म्हणाले, "तुमी वाईट न्हाई केलं साहेब. पन एक हाय. ती एकोनतीस मानसं आता रोज दिसत्यात मला. आदी दिसत न्हवती." आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

चहा घेऊन परत येताना जीपमध्ये मला बरे वाटत नव्हते. त्यांचे शेवटचे वाक्य पुढे कित्येक दिवस डोक्यातून जात नव्हते.

पोलीस माणसाला चुकीच्या विचारांची नावे माहीत नसली तरी चालते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती असतात. मला या गुन्ह्याने शिकवले ते असे की आपल्याला जे पटले आहे त्याच्या बाजूचे पुरावे आपोआप चालत येतात, आणि विरुद्ध बाजूचे बोलावल्याशिवाय येत नाहीत. म्हणून ते मुद्दाम बोलवावे लागतात. गेलेल्या मोटारी मोजल्या तर राहिलेल्याही मोजाव्यात. आणि आपला नियम कोणत्याही परिस्थितीत खराच ठरत असेल, तर तो नियम नव्हे, हट्ट आहे. पुढच्या नोकरीत मी एवढे पाळले. पण हे पुढचे झाले.

निवृत्त झाल्यावर मी मागचे बघितले. जुने गुन्हे, जुने निकाल, कोर्टातली कामे बघणाऱ्या ओळखीच्या पैरवी अधिकाऱ्यांना विचारून, काही ठाण्यांत स्वतः बसून. पुराव्याअभावी सुटलेले सगळे सोडून दिले, कारण त्यांतले काही खरे गुन्हेगारही असतील. फक्त अशी माणसे मोजली, ज्यांना मी माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवून आत टाकले आणि नंतर त्याच गुन्ह्यात दुसराच माणूस पुराव्यानिशी सापडला. त्यांच्यातला एक चाकूरकडचा ट्रकचा क्लीनर होता. तो माझ्या डोळ्याला डोळा देईना, एवढाच त्याचा अपराध होता. तो सात महिने तुरुंगात होता. सुटला तोवर त्याची आई गेली होती. त्याचे नाव मी इतकी वर्षे विसरलो होतो.

यादी वाचायच्या आदल्या दिवशी अप्पांना मी कोरडे बोअर गाळायची सवलत देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही. मी ती सवलत माझ्यापुरती आजपर्यंत घेत आलो. सेवापुस्तिकेत आणि प्रशंसापत्रांत माझे लागलेले बोअर आहेत. न लागलेले मी दोनदा मोजले. अकरा माणसे आहेत.